‘आयपिल आहे की, कंडोम कशाला’ म्हणणाऱ्यांना

काल मावसभावाने भावंडांच्या ग्रुपवर ‘कंडोमचं सत्य, कंपन्या लपवतात’ असला एक फॉरवर्ड टाकला. त्याचं दिवाळीनंतर लग्न आहे आणि खाली अजून दोघांनी अंगठे दिलेत, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजला मी हात पण लावत नाही.

म्हणे रबराला बारीक छिद्रं असतात, त्यातून एचआयव्ही आरपार जातो. अरे, पाण्याचा कण त्या विषाणूपेक्षा कितीतरी बारीक असतो, आणि फॅक्टरीत नमुने काढून 300 मिली पाणी भरूनच गळती बघतात. फुगवून पण बघतात, नेहमीच्या मापाचा 18 लिटर हवा भरायच्या आत फुटला तर नापास. ह्यावर याच्यापेक्षा जास्त वेळ घालवायची गरज नाही.

‘फुटतोच, काय उपयोग’ हे अर्धं खरंय, मानतो. लोक जसं वापरतात तसं धरलं तर वर्षात 100 पैकी साधारण 13 जणींना दिवस जातात. पण दरवेळी आणि नीट वापरला तर हेच 2 वर येतं. मधले कुठून आले? कधी घातला, कधी नाही. घातला तर तो महिनोन् महिने पाकिटात दबलेला, नाहीतर सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेला, वरून खोबरेल तेल. तेलाने लॅटेक्स कमजोर होतं बे, फुटणारच.

‘मजा जाते.’ थोडा फरक पडतो, पातळ पण मिळतात, बघा.

आता ज्याच्यामुळे डोकं फिरलं ते. ‘पोरगी चांगल्या घरची असेल तर गरज नाही, आयपिल द्यायची, तिचं ती बघते.’ विजापूर रोडला मित्राचं मेडिकल आहे, संध्याकाळी मी तिथं बसतो. पोरं येतात, तोंडाला रुमाल, बाहेर गाडी चालूच, हळूच आयपिल मागतात आणि निघतात. कंडोम समोरच लटकलेले असतात, तिकडं बघत पण नाहीत. ती गोळी संबंध आल्यावर 72 तासांच्या आत घ्यायची असते, जितका उशीर तितका भरवसा कमी, ती बीज सुटणं पुढं ढकलते, ते आधीच सुटलं असेल तर उपयोग नाही, आणि रोगापासून तर अजिबात वाचवत नाही. मळमळ तिला, पाळी मागंपुढं झाली की धडधड तिला, घरी कळलं तर मार पण तिलाच. तुम्ही फक्त पैसे दिले.

हे फक्त फॉरवर्डमध्ये नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 35 टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोधक हे बाईचं काम, पुरुषाने त्यात पडू नये. त्याच सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, नवऱ्याची नसबंदी 0.3 टक्के, कंडोम 9.5. म्हणजे पोट फाडून घ्यायचं तिनं, आणि ह्यांना दोन मिनिटं थांबून पाकीट फोडायचं जिवावर येतं.

आणि ‘जी स्वतः कंडोम मागते ती चालू’ हे लिहिणाऱ्याला सांगतो, ती शहाणी आहे, तिचं ऐका.

भाऊ नंतर पर्सनलवर म्हणाला, दादा, गल्लीतले मेडिकलवाले पप्पांना ओळखतात. मग सात रस्त्याला जा, कोण ओळखत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सिव्हिलला एचआयव्हीची तपासणी पण फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात. विचारायला लाज वाटत असेल तर एड्स हेल्पलाइनला, 1097 ला फोन लाव, पैसे पडत नाहीत.