सुईण सायकलवरून आली

माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या धुमश्चक्री चालू आहे. मामेबहिणीचं सिझेरियन झालं. अर्धे म्हणतात, डॉक्टरांनी पैसे उकळले. उरलेले म्हणतात, हल्लीच्या मुलींना कळाच नकोत. मी आइंडहोवनमध्ये बसून वाचतेय. या भांडणात सुईण कुणाला आठवतच नाही.

माझं बाळंतपण इथे नेदरलँड्समध्ये, घरीच झालं. गुंतागुंत नसेल तर डॉक्टरचं तोंडही दिसत नाही. चार वर्षं शिकलेली मिडवाइफ सगळं बघते, आणि काही अडलं तर वेळीच हॉस्पिटलला पाठवते. रात्री दोनला आमची बाई सायकलवरून आली. हात धुतले, डॉपलर लावून बाळाचे ठोके ऐकले आणि भिंतीला टेकून खाली बसली. कळ आली की कंबर चोळायची, नाहीतर गप्प. डिंकाचे लाडू घेऊन आलेली आई तीनदा म्हणाली, "अगं, डॉक्टर कधी येणार?" पहाटे तीच पुटपुटली, "आमच्या गावची सुईण अशीच बसायची."

गावच्या सुईणीचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. तेव्हा अडलेल्या बायका बैलगाडीतच दगावायच्या. पण दवाखाना आणताना आपण सोबतीला बसणारी बाईच काढून टाकली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारीत १४. सगळा दोष डॉक्टरांच्या लोभावर ढकलणं सोपं आहे. पण पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात. तेवढा वेळ तिच्याजवळ थांबायला माणूस नसेल, तर सुरी जवळची वाटणारच. गंमत म्हणजे आपल्या नर्सची नोंदणी 'नर्स आणि मिडवाइफ' अशीच होते. पण नेमणूक नर्स म्हणून: या महिन्यात लेबर रूम, पुढच्या महिन्यात डोळ्यांचा वॉर्ड. नर्सना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन मिडवाइफ करायचं, हे केंद्राने २०१८ मध्येच ठरवलंय. माझ्या ग्रुपवर ते एकालाही ठाऊक नव्हतं.

इथेही सगळं आलबेल नाही म्हणा. बाळंतिणीकडे रोज घरी येणाऱ्या मदतनीस बाईसाठी तिसऱ्या महिन्यातच नाव नोंदवावं लागतं. सुट्ट्यांच्या ऑगस्टमध्ये बाळंत होणारीचे या मदतीचे तास सरळ कापतात. जगभरात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२१चा अहवाल सांगतो. श्रीमंत देश ही तूट बाहेरून नर्स-मिडवाइफ आणून भरायला बघतात, त्याची झळ कुठे लागते ते वेगळं सांगायला नको.

काल ग्रुप सोडून मामेबहिणीलाच फोन केला. विचारलं, कळा सुरू झाल्यावर जवळ कोण होतं?

"कोणी नाही गं. सिस्टर दोनदा डोकावली. तिच्याकडे अजून सहा जणी होत्या."