वैद्य निवडताना मी आता काय बघते

आईचा चेहरा भरला तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो.

दोन वर्षांपासून तिला आमवात (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस). सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. मग शेजारच्या काकूंनी एक पत्ता दिला. शहराबाहेर, तासाभराच्या वाटेवर, दर रविवारी रांग लागते म्हणे. महिन्याच्या पुड्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या. पाचव्या दिवशी आई स्वतःहून पोळ्या लाटायला बसली. "मले बरं वाटून राह्यलं बाप्पा," म्हणाली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. भूक वाढली, गाल वर आले. मामी म्हणाली, "ताई, तब्येत मस्त सुधारली तुमची." मी स्वतः आणखी चार जणांना तो पत्ता दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

चौथ्या महिन्यात पाय सुजले. हात कुठे जरासा आपटला तरी निळा डाग पडायचा. रात्रीची झोप गेली. जिला कधी मधुमेह नव्हता तिची उपाशीपोटी साखर २४० निघाली. नागपुरात धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी तिचा गोल झालेला चेहरा बघून रिपोर्टच्या आधी एकच प्रश्न विचारला, "मावशी, कुठल्या पुड्या वगैरे घेता का?" सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते फार खाली होतं. पुडीत स्टेरॉइड असणार, असं त्यांनी सांगितलं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. आम्ही पुड्या त्याच दिवशी कचऱ्यात टाकायला निघालो होतो. डॉक्टरांनी थांबवलं. स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. मोजून गोळ्या दिल्या आणि सात महिन्यांत एकेक पायरी उतरवत त्या बंद केल्या.

त्या माणसाच्या भिंतीवर प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं. आम्ही ते वाचलंच नव्हतं. नंतर मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला, तर इलेक्ट्रोहोमिओपॅथीचं. केंद्र सरकारनं २००३ सालीच सांगितलं आहे की ही मान्यताप्राप्त चिकित्सापद्धती नाही आणि तिच्या पदव्यांना मान्यता नाही. नावापुढे मात्र 'डॉ.' होतं.

हे ऐकल्यावर माझ्या ऑफिसमधले लोक म्हणतात, बघ, आयुर्वेद म्हणजे असंच असतं. इथे मला जोरात नाही म्हणायचं आहे. त्या पुडीत आयुर्वेद नव्हताच. आणि पुढे आईला ज्यांनी सावरलं त्यांच्यात एक वैद्यबाईही होत्या.

त्यांच्याकडे पहिल्या दिवशी पाऊण तास गेला. त्यांनी आधी फाइल मागितली. मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या गोळीचं नाव दिसताच विचारलं, "ही आठवड्यातून एकदाच घेता ना? रोज नाही ना? आणि फॉलिक अॅसिड?" मग म्हणाल्या, "ही गोळी मी बंद करणार नाही. हिनं तुमचे सांधे वाचताहेत." आईनं कौतुकानं सांगितलं की कोरोनापासून ती रोज गुळवेलीचा काढा घेते. बाईंनी तो लगेच थांबवला. मेथोट्रेक्सेटनं यकृतावर आधीच भार असतो, आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते, आणि गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. त्यावर आयुष मंत्रालयाचं मत वेगळं आहे, हेही त्यांनीच सांगितलं. "पण तुमच्या आईवर मी ती जोखीम घेणार नाही." स्नेहन-स्वेदन (तेल लावणं आणि शेक), खाण्यापिण्याचे बदल, रात्रीच्या झोपेसाठी थोडं काही, एवढंच दिलं. प्रत्येक औषधाचं नाव चिठ्ठीवर, आणि खाली दुसऱ्या डॉक्टरांसाठी दोन ओळी.

वैद्य असावा तर असा. माझं मत आता एवढं ठाम झालं आहे की 'कोणती पॅथी चांगली' या वादात मी पडतच नाही. समोरचा माणूस आपली हद्द ओळखतो का आणि ती तुम्हाला सांगतो का, हे मी आधी बघते.

पदवी आणि नोंदणी मात्र बघायचीच. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) या इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांच्या पदव्या आहेत. आयुर्वेद आणि युनानीवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथीवाल्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि वैद्यानं इंजेक्शन किंवा सलाईन काढलं तर त्यात काय आहे ते विचारा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं एका होमिओपॅथला निष्काळजी ठरवलं होतं, कारण ज्या पद्धतीचं शिक्षणच घेतलं नव्हतं त्या अॅलोपॅथीची औषधं त्यानं दिली होती आणि रुग्ण दगावला होता.

औषधाचं विचाराल तर बाजारातल्या आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्यं असावीच लागतात. वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवून देऊ शकतो, त्याला कायद्यानं मुभा आहे, म्हणून पुडी दिसली की लगेच संशय घेऊ नका. पण "यात काय आहे?" या प्रश्नाला "पिढीजात आहे, सांगता येत नाही" असं उत्तर आलं, तर मी उठून येईन. भस्मांच्या, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांच्या, बाबतीत तर नक्कीच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. अशी पारा-धातूंची औषधं (रसौषधी) देणाऱ्या जाणत्या वैद्याला हा प्रश्न नवा नसतो, तो मात्रा आणि मुदत सांगूनच देतो.

आणि हमी! मधुमेह, कर्करोग, लकवा, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंसुद्धा, यांच्या उपचारांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी रिक्षांच्या मागे आणि भिंतींवर ती रोज दिसतेच. जिथे शंभर टक्क्यांची हमी लिहिलेली आहे तिथे पाऊल टाकू नका, इतकं सोपं करून घेतलं आहे मी.

"पण आमच्याकडे गुण येतो ना," हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. पावसाळ्यात कावीळ झाली की काड्यांची माळ घालायला नेतात ते बघा. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ लांबते, कारण काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात आणि श्रेय माळेला मिळतं. पण पित्ताच्या नळीत खडा असेल, टीबीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलं असेल, कुणाला कर्करोग असेल, तर तीच माळ लांबत राहते आणि माणूस हातचा जातो. म्हणून रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी आधी, मग घाला माळ हवी तर.

लकव्याचं तर त्याहून कठीण आहे. रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात गळाला की थेट मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळ सीटी स्कॅन असेल तो दवाखाना. मालीशवाल्याकडे नंतर जा, महिनाभरानं जा. माझ्या मावसकाकांच्या बाबतीत तो वेळ गाडी ठरवण्यात आणि औषध लावणाऱ्याच्या गावी पोचण्यात गेला. आज त्यांना चमच्यानं भरवावं लागतं.

ज्यांना ओळखीचं कुणीच नाही त्यांच्यासाठी, सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, हनुमाननगरला श्री आयुर्वेद महाविद्यालय आहे. सुरुवात तिथून करा. केसपेपर निघतो, औषधाची नोंद राहते. रांगेत थोडा वेळ जाईल, जाऊ द्या.

काल रात्री यवतमाळहून चुलतबहिणीचा फोन आला. तिच्या सासूबाईही पुड्या घेतात, सहा महिने झाले, गुडघे एकदम मोकळे झालेत आणि चेहरा छान भरलाय म्हणाली. मी तिला सांगितलं, डॉक्टरांना दाखवेपर्यंत एकही पुडी चुकवू नको, आणि उरलेल्या सगळ्या सोबत बांधून आण. सोमवारी सकाळी दोघी नागपूरला येताहेत. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे, उपाशीपोटी यायला सांगितलं आहे. तुमच्या घरात अशा पुड्या असतील तर खाली लिहा किंवा मेसेज करा. कुणाचं नाव विचारणार नाही.