कार्यशाळा शिराळ्यात घ्या की!

फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेचे पुढचे कार्यक्रम वाचले. परिषद, क्विझ ठीक आहे. पण सर्पदंशाचं प्रशिक्षण सांगलीच्या हॉटेलात कशाला? शिराळ्यात घ्या, तेही मृगाच्या आधी, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनाही बसवा. घोणशीचं विष भिनलंय का, हे बघायला मोठी लॅब लागत नाही. काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विषावरची लस सुरू. मण्यार मात्र फसवी. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, सूज नाही की कळ नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे ओवा देत बसतात! (मांत्रिकाचं तर बोलायलाच नको.) लस संपली तर पेशंट कुठे पाठवायचा, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.