बॅकस्लॅश टी म्हणजे चार स्पेस नाही, आणि ते सगळीकडे चालतही नाही

सध्या एक तक्ता जिकडेतिकडे फिरतोय आणि कोडिंग शिकणारी बरीच पोरं तो सेव्ह करून ठेवतायत. त्यात चार दावे आहेत. बॅकस्लॅश टी म्हणजे चार स्पेस, ते टाकलं की कॉलम सरळ रेषेत येतात, असले एस्केप (बॅकस्लॅश आणि पुढे एखादं अक्षर, अशी खूण) सगळ्या लँग्वेजमध्ये सारखेच चालतात, आणि कुठे अडलंच तर बॅकस्लॅश डबल करायचा. मला हे वाचून खरंच काळजी वाटली, कारण पहिल्या दिवशी हे चालतं आणि मग तेच डोक्यात पक्कं बसतं.

चार स्पेसचं आधी. बॅकस्लॅश टी म्हणजे टॅब, आणि टॅब हे एकच कॅरेक्टर आहे, आस्कीमध्ये (अक्षरांना नंबर देणारा तक्ता) त्याचा नंबर ९. नुसता टॅब असलेल्या स्ट्रिंगची लेंग्थ काढा, १ येते. तो दिसताना किती जागा घेणार हे दाखवणारं सॉफ्टवेअर ठरवतं. टर्मिनलमध्ये सहसा दर ८ कॉलमला टॅब स्टॉप (टॅब जिथे जाऊन थांबतो ती जागा) असतो, ब्राउझरमध्ये प्री टॅगच्या (मजकूर जसाच्या तसा दाखवणारा टॅग) आत डिफॉल्ट ८च, आणि प्री टॅग नसेल तर साध्या पॅराग्राफमध्ये टॅबची एक स्पेस होऊन जाते. चार हे तुमच्या एडिटरचं सेटिंग आहे, टॅबचा गुण नाही.

कॉलम सरळ येतात हे पण अर्धंच खरं, कारण टॅब पुढच्या स्टॉपपर्यंत उडी मारतो, ठरलेली जागा सोडत नाही. पाच अक्षरी नावानंतरचा टॅब ८ वर थांबतो, नऊ अक्षरी नावानंतरचा १६ वर, म्हणजे यादीत एक लांब नाव आलं की ती ओळ बाजूला सरकली. त्यासाठी फॉरमॅटिंगमध्ये रुंदी द्यायची असते. देवनागरीत तर तेही पुरत नाही, पायथॉनमध्ये ‘नमस्ते’ची लेंग्थ ६ येते आणि डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात, मग पॅडिंग (रुंदी भरायला घातलेल्या स्पेस) कमी पडतं. तिथे सरळ एचटीएमएल टेबल करावं.

आता तिसरा दावा, सगळ्यात जास्त नुकसान करणारा. मुळात एस्केप ही सोर्स कोड लिहायची पद्धत आहे. बॅकस्लॅश टी ही दोन अक्षरं कंपायलर किंवा इंटरप्रिटर वाचतो आणि स्ट्रिंगमध्ये एक टॅब ठेवतो, त्यामुळे कुठलं चिन्ह कशात बदलायचं हे त्या त्या लँग्वेजच्या नियमावर आहे. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये सिंगल कोट काय, डबल काय, एकच. पीएचपीमध्ये मात्र सिंगल कोटच्या आत फक्त बॅकस्लॅश आणि सिंगल कोट एवढेच एस्केप होतात, टी आणि एन (नव्या ओळीचा एस्केप) तसेच छापले जातात. व्हिज्युअल बेसिकमध्ये स्ट्रिंगच्या आत बॅकस्लॅशला काहीच खास अर्थ नाही, तिथे टॅबसाठी व्हीबीटॅब वापरायचं. बॅशमध्ये (लिनक्सवरचं कमांड शेल) नुसत्या एकोला ते कळत नाही, प्रिंटएफ वापरा. जेसनमध्ये (डेटा लिहायचा एक फॉरमॅट) उलट, स्ट्रिंगच्या आत खराखुरा टॅब दाबला तर ते जेसनच अवैध, तिथे एस्केप लिहावाच लागतो. आणि युजरने टेक्स्टबॉक्समध्ये बॅकस्लॅश टी टाईप केलं तर ती शेवटपर्यंत दोन अक्षरंच राहतात, कारण तो मजकूर कंपायलरच्या हातात कधी गेलेलाच नसतो.

मी हे स्वतः भोगलंय. एका कामात आम्ही ग्राहकांची यादी टॅब-सेपरेटेड फाईलमध्ये काढायचो, आणि कुणीतरी एक्सेलमधून पेस्ट केलेल्या पत्त्यात टॅब आला, तिथून पुढचे सगळे कॉलम एक घर सरकले, फोनच्या जागी ईमेल. टॅब काढून टाकायची ओळ कोडमध्ये होती, म्हणून तिकडे कुणी बघेचना. पण पीएचपीचा कोड, आणि बॅकस्लॅश टी सिंगल कोटमध्ये! ती ओळ इतके दिवस टॅब नाही, बॅकस्लॅश आणि टी ही जोडी शोधत होती, जी डेटात कधी नव्हतीच. एक कोट बदलायला दोन दिवस गेले.

युनिकोडचंही असंच, पायथॉनमध्ये बॅकस्लॅश यू पुढचे बरोब्बर चार हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ) घेतो. ०९०५ दिलं की ‘अ’ मिळतो, पण हसऱ्या इमोजीचा कोड १एफ६०० तसाच दिला तर एक ग्रीक ओमेगा आणि शून्य येतं, तिथे मोठा यू आणि आठ अंक लागतात.

राहिला डबल बॅकस्लॅश. विंडोजचा पाथ लिहिताना तो बरोबर आहे, कारण ‘न्यू’ आणि ‘टेबल’ नावाच्या फोल्डरआधी एकच बॅकस्लॅश ठेवला तर तिथे नवी ओळ आणि टॅब घुसतो. पण स्टँडर्ड एसक्यूएलमध्ये (डेटाबेसची भाषा) सिंगल कोट आत घालायचा तर कोटच दोनदा लिहायचा, बॅकस्लॅशचा संबंध नाही (मायएसक्यूएल डिफॉल्टला बॅकस्लॅश पण मानतं, म्हणून गोंधळ वाढतो). अर्थात युजरचा डेटा क्वेरीत हाताने जोडूच नका, पॅरामीटर वापरा. जावामध्ये रेगेक्सने (मजकुरात पॅटर्न शोधायची पद्धत) एक बॅकस्लॅश शोधायला चार लिहावे लागतात, दोन कंपायलर खातो, उरलेल्या दोनांचा रेगेक्स एक करतो. म्हणजे मजकूर किती जणांच्या हातातून जाणार ते आधी मोजायचं, मग बॅकस्लॅश.

शंका आली तर स्ट्रिंग नुसती प्रिंट करू नका, टॅब आणि स्पेस दिसायला सारखेच. पायथॉनमध्ये रेप्र, जावास्क्रिप्टमध्ये जेसन स्ट्रिंगिफाय वापरा, फाईल असेल तर लिनक्सवर कॅट कमांडला मायनस आणि मोठा ए लावा, टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि आय दिसेल.