पाऊण तासाचे पॅरिस

लंडन ते पॅरिस हे हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर असून, मुंबईहून कोल्हापूरही रस्त्याने याहून थोडे लांबच पडते. विमान प्रत्यक्ष हवेत असते ते जेमतेम पाऊण तास. पुण्याहून लंडनला आमच्याकडे आलेल्या मेहुण्यांनी हे आकडे मोबाइलवर वाचले आणि माझा आगगाडीचा प्रस्ताव जागीच बारगळला. समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकाला सव्वादोन तासांत पोहोचते. "पाऊण कुठे, सव्वादोन कुठे! यात विचार कसला करता?" असे त्यांनी विचारले. प्रश्न बायकोच्या थोरल्या भावाने विचारलेला असल्यामुळे मीही विचार केला नाही.

पॅरिस लंडनच्या आग्नेयेला आहे आणि हीथ्रो विमानतळ शहराच्या पश्चिमेला. म्हणून पॅरिसला निघालेला माणूस आधी पॅरिसकडे पाठ करून, भुयारी रेल्वेने वीसेक किलोमीटर उलट्या दिशेला जातो. वाटेत हाउन्स्लो लागते. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन–पॅरिस दैनिक विमानसेवा सुरू झाली ती तिथूनच, आणि पहिल्या विमानाला पॅरिसजवळचा ल बूर्जे विमानतळ गाठायला सुमारे अडीच तास लागले होते. आम्हाला तेवढा वेळ विमान नुसते दिसायलाच लागला.

कारण मध्ये सुरक्षा तपासणी होती आणि मेहुण्यांच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी. फ्रेंच जेवणावर त्यांचा भरवसा नव्हता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही, असे तपासनीस बाईंनी नम्रपणे सांगताच, फोडी घन असून द्रव केवळ खार आहे आणि तो फार तर दोन चमचे भरेल, असा युक्तिवाद त्यांनी मांडला. बाईंनी बरणी उजेडात धरून तिरकी केली. खार संथपणे एका बाजूला सरकला आणि खटला तिथेच निकालात निघाला.

विमानात बसल्यावरही पाऊण तास लगेच सुरू होत नाही. आमचे विमान धावपट्टीच्या रांगेत बराच वेळ उभे होते. उड्डाणानंतर चहा हातात पडतो न पडतो तोच पट्टे आवळण्याची सूचना झाली. इंग्लिश खाडी मेहुण्यांच्या खिडकीतून दिसली म्हणे. मला त्यांचे डोके दिसले.

शार्ल द गोल विमानतळ पुन्हा शहराबाहेर, सुमारे २५ किलोमीटरवर. तिथून लोकल पकडून आम्ही उतरलो ते गार द्यु नोरलाच. समोरच्या फलाटावर लंडनची गाडी उभी होती आणि तिच्यातून उतरलेली मंडळी टवटवीत दिसत होती. घड्याळ तर आणखी एक तास पुढे गेलेले. वास्तविक रेखांशाने पॅरिसला लंडनचीच वेळ शोभते आणि पूर्वी तिथे तीच होती. १९४० मध्ये जर्मनांनी शहर घेतल्यावर काटे पुढे सरकवले आणि जर्मन गेले तरी ते तसेच राहिले.

मेहुण्यांनी फलाटावरच हिशेब मांडला. भुयारी रेल्वे शहराची, रांगा विमानतळाच्या, हरवलेला तास जर्मनांचा. प्रवासाच्या खात्यावर पाऊण तासच उरला. मग परतीचे वेळापत्रक उघडून त्यांनी विजयी मुद्रेने माझ्यापुढे धरले. नऊला सुटणारे विमान लंडनला तिथल्या घड्याळाप्रमाणे सव्वानऊला उतरत होते.

"बघा," ते म्हणाले, "येताना तर पंधराच मिनिटे!"