तक्रार नोंदवाच

लेखात म्हटलंय की लंडनमध्ये घरफोडी झाली तर पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. कृपया असं समजू नका. दिवाळीत आम्ही देवळात गेलो असताना मागचं दार फोडून आईच्या पाटल्या आणि माझी ठुशी नेली. चोर सापडला नाही, पण पोलिसांनी दिलेल्या गुन्हा क्रमांकाशिवाय विम्याचा दावा पुढे सरकलाच नसता. चोर घरात असेल तर पोलिसांच्या ९९९ नंबरवर फोन, नंतर लक्षात आलं तर १०१ वर किंवा ऑनलाइन तक्रार. आणि विम्यात एका वस्तूमागे ठरावीक मर्यादा असते, त्यामुळे भारी दागिना आधीच वेगळा नोंदवा. सराफाची पावती, फोटो जपा. आमच्याकडे ठुशीचा पुरावा म्हणजे लग्नाच्या अल्बममधला एकच फोटो! पैसे मिळाले, पण आईच्या पाटल्यांची हुरहूर अजून आहे.