‘दोन वर्षं वॉर्डात काढा’ म्हणायला तुमचं काय जातं? या कमेंटला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की नर्सिंग पास झाल्यावर पहिली दोन वर्षं पेशंटजवळची ड्युटी सोडू नका, पुढे एमएससी करायचंय की परदेशी जायचंय ते नंतर ठरवा. त्यावर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या एका मुलीची मोठी कमेंट आलीये. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की मॅडम, तुम्ही एसी क्लासरूममधून बोलता, तुमचं काय जातंय, मला 14 हजार मिळतात, नाइटला आयसीयूत चार पेशंट एकटीच्या अंगावर असतात आणि तुम्ही हे दोन वर्षं सोसायला सांगून हॉस्पिटलांना स्वस्तात माणसं पुरवताय. त्यापेक्षा मी राजीनामा देऊन घरी नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते.

तुला तू म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते पण तुझी कमेंट वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

पगाराचं तू बोललीस ते अगदी खरं आहे आणि मी त्या पोस्टमध्ये पगाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही ही माझी चूक. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती, तिने सांगितलं की 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला 20 हजारांच्या खाली पगार नको आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार हवा. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारला किमान 20 हजार ठरवावे लागले. आणि तू आज 14 वर काम करतेस. तुझा राग समजतो मला, आणि तो असायलाच हवा.

माझा पगार हॉस्पिटल देतं हेही खरं. पण एज्युकेटर, म्हणजे नवीन नर्सना शिकवणारी म्हणून माझा दिवस क्लासरूममध्ये फार थोडा जातो गं. नवीन मुलींचं इंडक्शन झालं की मी त्यांच्या मागे मागे वॉर्डातच असते, सलाइनमधून औषध देणाऱ्या इन्फ्यूजन पंपचा रेट कोण कसा लावतेय, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, कोण बेडपाशी घेतेय आणि कोण काउंटरवर उभं राहून वहीत बघून उरकतेय, हे बघणं हेच माझं काम आहे.

दोन वर्षं का म्हणते ते एका रात्रीवरून सांगते. पावसाळ्याचे दिवस, डेंगीने वॉर्ड भरलेला. एका नवीन मुलीने चार्टवर बीपी लिहिलं 100/84 आणि पुढे ‘स्टेबल’. ताप उतरलेला, पेशंट बोलत होता, वरचा आकडा 100, तिला काही वावगं दिसलं नाही. इनचार्ज सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी चार्ट बघायच्या आधी चादर बाजूला करून पेशंटच्या पावलाला हात लावला. बर्फासारखं गार पाऊल! मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मनात मोजलं आणि तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. वरच्या आणि खालच्या आकड्यात फक्त 16 चा फरक उरला होता, म्हणजे पेशंट शॉकमध्ये चालला होता, आणि डेंगीत हे नेमकं ताप उतरताना होतं. हे पुस्तकात आहे, त्या मुलीने परीक्षेत लिहिलंही असेल, पण हाताला अजून माहीत नव्हतं. ती मुलगी आता स्वतः इनचार्ज आहे आणि पेशंटच्या पायाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही.

पण हे शिकवणारं कोणीतरी शेजारी असावं लागतं. नाइटला चार पेशंट, त्यातले दोन जरी व्हेंटिलेटरवर आणि नवीन मुलगी एकटी, याला मी अनुभव म्हणणार नाही. तो पेशंटच्या जिवाशी आणि तुझ्या रजिस्ट्रेशनशी खेळ आहे, कारण काही झालं तर चार्टवर सही तुझी असते. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स हाच नियम आहे. तेव्हा माझं वाक्य मी दुरुस्त करते, दोन वर्षं काढ, पण वाटेल त्या हॉस्पिटलात नाही, शिकवणारं कोणी शेजारी असेल तिथेच.

आता नॉरसेटबद्दल, आणि हे नीट वाच, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. राजीनामा देऊन घरी बसायचं म्हणतेस, पण जीएनएमवाल्यांना त्या परीक्षेला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही पास झाल्यानंतरचा आणि किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला. बीएससी नर्सिंगवाल्यांना ही अट नाही म्हणून यूट्यूबवरचे क्लासवाले त्याबद्दल बोलतच नाहीत. तुझं आत्ताचं हॉस्पिटल किती खाटांचं आहे? 30 चं असेल तर तिथली तुझी दोन वर्षं या परीक्षेसाठी धरलीच जाणार नाहीत. वयाची अटही असते, त्यामुळे वर्षं अशी वाया घालवू नकोस.

म्हणून राजीनाम्याआधी दुसरी नोकरी शोध. इंटरव्ह्यूला पगार तर विचारच, पण एवढंही विचार की नाइटला एका नर्सकडे किती पेशंट असतात, नवीन मुलीला किती दिवस सीनियरसोबत ठेवतात आणि अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून देणार का. ओरिजिनल सर्टिफिकेट कोणी मागितली तर देऊ नकोस, झेरॉक्स दे. माझ्या पहिल्या नोकरीत माझी सगळी ओरिजिनल ठेवून घेतली होती आणि सोडताना तीन महिन्यांचा पगार भरा म्हणाले, वडिलांनी उसने आणून भरले. ते मी अजून विसरले नाहीये.

एमएससी करून टीचिंगला जाणाऱ्यांचं वेगळं आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. पण बीएससीनंतर एक वर्ष अनुभव तिथेही लागतोच.

अभ्यास मात्र सोडू नकोस, ड्युटीनंतर रोज एक तास झाला तरी पुष्कळ आहे. आणि नवीन ऑफर लेटर हातात आलं की सही करायच्या आधी हॉस्पिटलचं नाव झाकून फोटो मेल कर, मी ओळ न् ओळ वाचून कळवते.